डॉ. जेरुशा झिराड : आपल्या समाजातील थोर स्त्रीवैद्य



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत बहुतेक करून सिनेगॉग उभारणाऱ्यांची, हझ्झानांची, मुकादम-चौगुल्यांची चरित्रे छापली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात मूल सुखरूप जन्माला येत नाही, किंवा आठव्या दिवशी ब्रित मिला पाहायला आईच जिवंत राहत नाही, त्या घरातून सिनेगॉगला दहावा माणूस कुठून मिळणार? आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ही भीती प्रत्येक घरात होती. म्हणून या खेपेस एका स्त्रीवैद्याचे चरित्र सांगावे असे ठरले. त्या आपल्याच समाजातल्या. त्यांचे नाव वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. काहींच्या तर जन्माच्या वेळी त्या इस्पितळात हजरही असतील.

झिराड हे अलिबाग तालुक्यातील गाव. आपल्यात गावाच्या नावापुढे 'कर' लावण्याची रीत, पण झिराड घराण्याने गावाचे नाव जसेच्या तसेच ठेवले. कोकणातून पांगलेली आपली कुटुंबे रेल्वे, पलटण, सरकारी कचेऱ्या यांतल्या नोकऱ्यांमुळे कुठल्या कुठे गेली हे आपणांस ठाऊकच आहे. जेरुशाबाईंचा जन्मही कोकणात झाला नाही. तो झाला म्हैसूर संस्थानातील शिमोगा येथे, १८९० साली. मुलीला शिकवायचे तर चांगली शाळा हवी, म्हणून त्यांना पुण्यास पाठवण्यात आले. तेथील हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ साली निघालेली. त्या शाळेत शिकणे म्हणजे त्या काळी मुलीच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

पुण्याचा तो काळ जरा ध्यानात घ्यावा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढल्या वर्षी पुण्यात पोहोचला. शिपाई घरात घुसून रोग्यांना हुडकून इस्पितळात नेत. बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी करावी यावरून लोक पेटून उठले, आणि १८९७ साली रँडसाहेबाचा खून झाला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, हे लोकांच्या मनात त्या वर्षांत घट्ट बसले. आपल्या आज्या इस्पितळाचे नाव काढले की का दचकत, हे समजायचे असेल तर हा प्लेग विसरून चालणार नाही. त्याला अडाणीपणा म्हणून सोडून देणे मला तरी बरोबर वाटत नाही. त्यांनी जे पाहिले होते, त्यावरून त्यांनी काढलेला तो निष्कर्ष होता.

जेरुशाबाईंनी मात्र लहानपणीच इस्पितळाची दुसरी बाजू पाहिली. त्या ११ वर्षांच्या असताना त्यांची एक बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा इस्पितळात डॉ. ॲनेट बेन्सन या इंग्रज डॉक्टरीणबाईंच्या उपचाराने ती बरी झाली. मोठेपणी आपणही डॉक्टर व्हायचे, आणि व्हायचे तर याच इस्पितळाची प्रमुख व्हायचे, असा निश्चय त्या मुलीने तेव्हाच केला. लहानपणीचे असले निश्चय पुष्कळांचे असतात. शाळा सुटता सुटता ते विरून जातात. यांचा टिकला.

त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. भायखळ्याचे हे कॉलेज आणि जे.जे. इस्पितळ आपल्या उमरखाडी, डोंगरी, जेकब सर्कल या वस्त्यांपासून हाकेच्या अंतरावर. १९१२ साली त्यांनी एल.एम. अँड एस. ही वैद्यकीची परीक्षा पास केली. पुढे विलायतेत शिकायचे होते, पण अडचण अशी की हिंदुस्थान सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती तोवर कोणा स्त्रीस मिळालेली नव्हती. त्यांनी हार न मानता टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली. जमशेटजी टाटांनी हा निधी १८९२ साली सुरू केला, आणि त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. म्हणजे स्त्रीवैद्यांना हात देण्याची परंपरा त्या निधीत पहिल्यापासूनच होती. पुढे सरकारनेही नमते घेतले आणि जेरुशाबाईंना पाच वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. सरकारची ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री ठरल्या.

१९१४ साली त्या लंडनला गेल्या. त्याच साली पहिले महायुद्ध पेटले. शहरावर झेपेलिन विमानांतून बाँब पडत, पुरुष डॉक्टर आघाडीवर गेलेले, आणि त्यामुळे स्त्री डॉक्टरांवर जास्त जबाबदारी पडलेली. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत त्या शिकत होत्या. आपल्या रखमाबाई, ज्यांच्या बालविवाहाचा खटला मुंबईत गाजला, त्याही पूर्वी याच संस्थेत शिकून आल्या होत्या. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन इस्पितळात जेरुशाबाईंनी प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. १९१९ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग या विषयात लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी त्यांनी मिळवली.

लंडनमध्ये त्यांना पुस्तकापलीकडचे बरेच काही पाहायला मिळाले असणार. इंग्लंडात १९०२ सालीच सुइणींचा कायदा झाला होता. शिकलेली, नाव नोंदवलेली सुईणच बाळंतपण करील अशी व्यवस्था हळूहळू तिथे बसत होती. १९१८ साली माता व बालकांच्या कल्याणाचा कायदा आला, आणि नगरपालिकांनी गरोदर स्त्रियांसाठी तपासणीची केंद्रे चालवण्यास चालना मिळाली. बाई दुखू लागल्यावर धावायचे नाही, आधीपासून महिन्या-महिन्याला तिला तपासायचे, हा विचार तेव्हा नवा होता. आज आपल्या सुना-नातींना तो इतका सवयीचा झाला आहे की तो कोणीतरी शोधून काढावा लागला होता याचेच नवल वाटते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजच्या इस्पितळात आणि नंतर बंगलोरच्या प्रसूतिगृहात काम केले. पुढे त्या मुंबईस आल्या आणि कामा इस्पितळात मानद सर्जन म्हणून रुजू झाल्या. १९२८ साली त्या इस्पितळाच्या मेडिकल ऑफिसर-इन-चार्ज, म्हणजे प्रमुख झाल्या, आणि १९४७ पर्यंत तब्बल १९ वर्षे त्या खुर्चीवर होत्या. ज्या खुर्चीवर एकेकाळी डॉ. बेन्सन बसत, त्या खुर्चीवर बसणाऱ्या या पहिल्या हिंदी स्त्री. अकराव्या वर्षी मनात धरलेली गोष्ट अडतिसाव्या वर्षी पुरी झाली.

कामा इस्पितळाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. १८८२-८३ च्या सुमारास मुंबईतील अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि पारशी पुढारी सोराबजी शापुरजी बंगाली यांनी हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा केला. पुरुष डॉक्टरांकडे जायला बायका तयार नाहीत आणि घरचे पाठवत नाहीत, मग स्त्री डॉक्टरच आणाव्यात असा सरळ विचार त्यामागे होता. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली, १८८६ साली इस्पितळ सुरू झाले, आणि इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पेची यांच्याकडे ते सोपवले गेले. पुढे शेजारीच बाळंतपणासाठी आल्ब्लेस इस्पितळ झाले. बायकांनी बायकांसाठी चालवलेले हे इस्पितळ होते. कोणाला ही सवलत वाटेल, कोणाला मागासलेपणा वाटेल. पण ज्या काळात दार उघडे ठेवूनही रोगी आत येत नव्हता, त्या काळात रोग्याला पटेल असे दार बसवणे हीच अर्धी वैद्यकी होती.

त्या वेळचे घरचे बाळंतपण कसे होई हे जुन्या मंडळींना सांगायला नको. आमच्या आजीने सांगितलेले आठवते ते असे. घरातली सर्वांत अंधारी खोली, दारे-खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपाची धुरी, आणि दिवस भरत आले की गावातली सुईण. सुईण बहुधा अनुभवी असे. मूल सरळ असले, बाई धडधाकट असली, तर सगळे ठीक पार पडे. एलियाहू हन्नबीचा मलिदा होई, पाळणा हाले. पण मूल आडवे आले, रक्त थांबेना, किंवा बाईला आकडी आली, तर सुइणीच्या हाती काही नसे. आणि तिचे हात, तिची सुरी, नाळ बांधायचा दोरा हे सगळे स्वच्छ असले पाहिजे हे तिला कोणी सांगितलेले नसे.

नाळ कापताना घाण गेली की मुलाला धनुर्वात होई. हा रोग जन्मानंतर साधारण पहिल्या आठवड्यात-दीड आठवड्यात उमटतो. मूल दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो, अंग ताठ होते. शेजारच्या हिंदू घरांत हा सटवाईचा कोप समजत. आपल्याकडे तर ते दिवस ब्रित मिलाच्या तयारीचे. मोहेलला निरोप गेलेला, पाहुणे यायचे ठरलेले, आणि सातव्या दिवशी मूल गेलेले. अशा घरात दोष कोणाला द्यायचा? दैवाला दिला जाई. खरे तर तो त्या न उकळलेल्या सुरीचा असे.

आईच्या बाबतीत भीती होती ती बाळंतज्वराची. हा रोगही हातांवाटेच आत जातो. डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात दाखवून दिले की डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुतले की बाळंतिणींचे मरण एकदम उतरते. म्हणजे तेव्हा घरच्या सुइणीपेक्षा इस्पितळातला डॉक्टर जास्त घातक ठरत होता! इस्पितळ सुरक्षित झाले ते हात धुण्याने, उकळलेल्या हत्यारांनी, रक्त चढवण्याच्या सोयीने, आणि १९३६ सालापासून सल्फाच्या औषधांनी. जेरुशाबाईंची कामातील १९ वर्षे नेमकी या बदलाच्या मध्यावर पडतात. त्या रुजू झाल्या तेव्हा बाळंतज्वर झालेल्या बाईसाठी नुसती वाट पाहावी लागे. त्या निवृत्त झाल्या तेव्हा हाताशी औषध होते.

परंतु औषध असून उपयोग काय, जर बाईला आणायचे की नाही हे ठरवायलाच घरात दोन दिवस जात असतील? बाळंतपणात मरण येण्यामागे उशीर तीन ठिकाणी होतो, असे पुढे १९९४ साली दोन अभ्यासकांनी मांडले. पहिला उशीर घरात निर्णय घेण्यात, दुसरा वाटेत, तिसरा इस्पितळात उपचार सुरू होण्यात. तिसरा उशीर डॉक्टरांच्या हातातला. पहिला घरच्यांच्या हातातला. आणि घर म्हणजे तरी कोण? जिचे बाळंतपण ती बहुधा सोळा-अठरा वर्षांची पोर, तिला कोणी विचारत नसे. ठरवणार सासू, फार तर घरधनी, आणि सल्ला देणार ती सुईण. त्यामुळे कामासारख्या इस्पितळाच्या प्रमुखाला बाईच्या पोटावर हात ठेवण्याआधी सासूबाईंच्या मनावर हात ठेवावा लागे. मराठी, इंग्रजी बोलणारी, डोक्यावर पदर असलेली, आपल्यासारखीच दिसणारी डॉक्टरीण समोर आली की ते काम काहीसे सोपे होत असणार. पूर्वीच्या इंग्रज बायांचे काम थोर होतेच, पण ही गोष्ट त्यांच्याजवळ नव्हती.

आता जेरुशाबाईंच्या ज्या कामामुळे त्यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले त्याकडे वळू. मुंबईत बाळंतिणी मरतात हे सर्वांना ठाऊक होते. नेमक्या कशाने मरतात, हे कोणी नीट मोजले नव्हते. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या वतीने १९३७-३८ साली त्यांनी मुंबई शहरातील बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांचा तपास केला. त्याचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. नुसते किती मेल्या एवढे विचारून भागत नाही, ही बाई मरायला नको होती का, आणि नको होती तर कुठे चुकले, हे विचारावे लागते. एकेका मृत्यूची अशी उलटतपासणी करण्याची पद्धत आज सगळ्या जगात चालू आहे. मुंबईत ती आणणाऱ्यांत आपली एक बेने इस्राएल बाई होती, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

या विषयाला मुंबईत आणखी एक धागा आहे, तोही सांगतो. मुंबईच्या गिरणीकामगार बायकांमध्ये गरोदरपणात रक्त भयंकर कमी होई. पांडुरोग म्हणा, रक्तक्षय म्हणा. नुसत्या लोहाने तो बरा होत नसे. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या प्रयत्नाने लंडनच्या डॉ. लुसी विल्स १९२८ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये संशोधनाला आल्या. या विल्सबाई जेरुशाबाईंच्या वेळीच लंडनच्या त्याच संस्थेत विद्यार्थिनी होत्या. कोण काय खाते याची त्यांनी बारकाईने चौकशी केली आणि १९३१ साली जाहीर केले की यीस्टचा स्वस्त अर्क, बाजारात मार्माइट नावाने मिळणारा, दिल्याने हा रक्तक्षय बरा होतो. त्यातला गुणकारी पदार्थ म्हणजे फॉलिक ॲसिड, हे पुढे १९४० नंतर कळले. आज गरोदर बाईला जगात कुठेही, येथे इस्राएलमध्येही, जी फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या दिवसापासून देतात, तिची पाळेमुळे अशी मुंबईच्या चाळींत आहेत. नातीला गोळ्यांचा कंटाळा आला तर ही गोष्ट अवश्य सांगावी.

हा रक्तक्षय कशाचा? उपासमारीचा, आणि घरात सर्वांच्या शेवटी जेवण्याचा. त्यात गरोदर बाईने अमुक खाऊ नये, तमुक खाऊ नये. पोटातले मूल फार वाढले तर बाळंतपण अवघड जाईल, या समजुतीने तिला कमीच वाढायचे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाचे मालिश, शेक ह्या आपल्या रीतींत वाईट काहीच नाही, उलट थकलेल्या बाईला त्यांनी उभारीच येते. पण ते सगळे बाळंतपण झाल्यावर. ज्या नऊ महिन्यांत खायचे त्या नऊ महिन्यांत हात आखडता! कोणती रीत ठेवायची आणि कोणती टाकायची हे ओळखण्यातच खरे शहाणपण होते, आणि ते घरच्यांना कळेल अशा भाषेत कोणीतरी सांगायला हवे होते. कोंडलेली धुरकट खोली टाकावी, मालिश ठेवावे. न धुतलेली सुरी टाकावी, सुईण मात्र शिकवून ठेवावी. लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने १९०३ साली व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ जो निधी निघाला तो सुइणींना शिकवण्यासाठीच होता.

शिवाय पैशाचाही प्रश्न होता. दिवसाची मजुरी बुडवून गिरणीतली बाई तपासणीला येणार कशी? १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिरजेचा कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला होता. पोटाची सोय झाल्याशिवाय निवड करायला माणूस मोकळाच नसतो.

जेरुशाबाईंच्या आयुष्याचा दुसरा भाग आपल्या धर्माशी निगडित आहे, आणि तो गाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. लंडनमध्ये असताना त्यांचा क्लॉड माँटेफिओरे, लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी यहुदी चळवळीशी परिचय झाला. मुंबईस परतल्यावर त्यांच्या पुढाकाराने १९२५ साली ज्युइश रिलिजस युनियन स्थापन झाली. पुढे तिचे रोदेफ शालोम हे सिनेगॉग उभे राहिले. स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून प्रार्थना करावी, प्रार्थना समजेल अशा भाषेत व्हावी, हे त्यांचे विचार. समाजात यावरून मोठा वाद झाला आणि पुष्कळ कुटुंबे त्यांच्या विरोधात होती. आपले हे सिनेगॉग जुन्या परंपरेने चालणारे आहे आणि या बाबतीत आपली वाट वेगळी आहे. तरीही त्यांच्या बाजूचा विचार समजून घ्यायला हरकत नाही. जी बाई दिवसभर इस्पितळात घरच्यांना कारण समजावून सांगत होती, समजल्याशिवाय नुसते हो म्हणू नका असे तिचे सगळे आयुष्य सांगत होते, तिला न समजणारी प्रार्थना पुरेशी वाटली नाही, यात आश्चर्य नाही.

आपल्या तोरातही बाळंतपणाच्या गोष्टी आहेत. मिसर देशात फारोचा हुकूम मोडून इस्राएलची मुले वाचवणाऱ्या शिफ्रा आणि पुआ या सुइणींची नावे शमोथच्या पहिल्याच पेराशामध्ये येतात, आणि त्या फारोचे मात्र नाव दिलेले नाही. राखेल आई एफ्राथच्या वाटेवर बाळंतपणातच गेली. बेथलेहेमजवळच्या तिच्या कबरीवर आपल्या किती बाया जाऊन मूल मागून आल्या असतील!

१९४७ साली जेरुशाबाई कामातून निवृत्त झाल्या. त्यांनी काम थांबवले नाही. हिंदुस्थानातील स्त्री डॉक्टरांच्या संघटनेच्या त्या १९४७ पासून दहा वर्षे अध्यक्ष होत्या. १९५० साली देशातील प्रसूतितज्ज्ञांच्या निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन मद्रास येथे त्यांचा अखिल भारतीय संघ, फॉग्सी, स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत त्या होत्या आणि त्याचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. लंडनच्या रॉयल कॉलेजने त्यांना फेलो केले, ब्रिटिश सरकारने एम.बी.ई. हा किताब दिला, आणि १९६६ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरवले.

त्यांच्या उमेदीच्या काळातले चित्र आणि आजचे चित्र ताडून पाहिले तर काय झाले ते ध्यानात येते. १९४६ सालच्या भोर समितीच्या अंदाजाप्रमाणे हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे सुमारे २० बाळंतिणी मरत, म्हणजे वर्षाला अदमासे दोन लाख. २०१८ ते २०२० या काळात भारतात हे प्रमाण दर लाख जन्मांमागे ९७ वर आले, महाराष्ट्रात ३३ वर. पूर्वी हजारामागे मोजत ते आता लाखामागे मोजावे लागते, यातच सारे आले.

आपण येथे आलो तेव्हा आपल्यापैकी तरुण जोडप्यांना टिपात हलाव म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. हेन्रिएट्टा सोल्ड यांच्या हदासा संघटनेच्या परिचारिकांनी यरुशलेममध्ये पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू केलेल्या कामातून ही केंद्रे वाढली. १९५४ सालापासून राष्ट्रीय विमा खात्याने इस्पितळात बाळंत होणाऱ्या आईला अनुदान देण्यास सुरुवात केली, आणि त्यामुळे मारोक्को, येमेन, इराक येथून आलेल्या कुटुंबांप्रमाणे आपलीही कुटुंबे इस्पितळाकडे वळली. हिब्रू येत नसे. परिचारिका काय विचारते आहे हे न कळता मान हलवणाऱ्या आपल्या बाया पुष्कळ होत्या. सही कुठे करायची ते दाखवले की सही करायच्या. कामात निदान प्रश्न मराठीत विचारता येत असे. आता आपल्या नाती परिचारिकेला उलट प्रश्न विचारतात. कळांची वेदना कमी करण्याचे इंजेक्शन हवे की नको, दूला सोबत हवी की आई, सिझेरियन का करायचे, हे त्या आधी समजून घेतात. कोणाला ते आगाऊपणाचे वाटते. मला वाटते, जेरुशाबाईंना त्या मुली आवडल्या असत्या.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. नरिमन हाऊसमध्ये जे घडले त्याने आपल्या सर्वांची मने हादरली. त्याच रात्री दहशतवादी कामा इस्पितळातही शिरले होते. तेव्हा बाळंतपणाच्या वॉर्डातील एका परिचारिकेने वीस गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलीत हलवून दार लावून घेतले आणि सगळ्या वाचवल्या. एकीला त्याच रात्री कळा लागल्या, आणि बाहेर गोळीबार चालू असतानाच तिला तिने प्रसूतीच्या खोलीपर्यंत नेले. त्या बाईने मुलीला जन्म दिला.

जेरुशाबाई वयाची नव्वदी ओलांडून वारल्या. जवळजवळ सगळे शतक त्यांनी पाहिले.

आपल्या सभासदांपैकी ज्यांचा जन्म १९२८ ते १९४७ या काळात मुंबईत झाला, त्यांनी आलियाच्या वेळी सोबत आणलेला जन्मदाखला एकदा पेटीतून काढून पाहावा. त्यावर जन्मस्थळ कामा अथवा आल्ब्लेस इस्पितळ असे असेल, किंवा घरच्या वडिलांकडून त्या दिवसांविषयी काही ऐकलेले असेल, तर ते कमिटीला अवश्य कळवावे. सिनेगॉगच्या कपाटात त्यासाठी एक वही ठेवली आहे. शब्बाथ सोडून कोणत्याही संध्याकाळी येऊन त्यात लिहिता येईल. ज्यांना लिहिणे जमत नसेल त्यांनी नातवंडांना सोबत आणावे, ती लिहून घेतील.